मी चालू केलेलं खातं

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा! बस उशिरा आली, बॅगेचं एक चाक वाटेत निखळलं, स्टँडपासून इथवर ती खांद्यावर मारून आणली, तरी मन पिसासारखं हलकं आहे. ताईला फोन केला तर पहिला प्रश्न, जेवलास का. दुसरा, संडास घरात आहे की बाहेर. आई गेली तेव्हापासून ताईनंच मला वाढवलं. तिच्या लेखी माझं वय तिथंच थांबलंय. भावोजी मागून ओरडत होते की मेव्हणा मोठा साहेब झाला, आता आमचा लॅपटॉप दुरुस्त करायला वेळ कुठला.

खोली दृष्ट लागण्यासारखी आहे. वरचा मजला, पूर्वेची खिडकी, भिंतभर कपाट आणि लिहायला खरंखुरं टेबल. आजवर ही रोजनिशी मी मांडीवर वही टेकवून लिहीत आलो. खिडकीतून गोदामाचं पांढरं पत्र्याचं छप्पर दिसतं, म्हणजे कामावर पायीच जाता येईल. मालकीणबाई एकट्या राहतात. साठीच्या असाव्यात, पाठ ताठ, बोलणं तोलून मापून. जाहिरातीत त्यांनी लिहिलं होतं, 'गोदामात नोकरीला असेल त्याला आधी'. म्हटलं, वा! आम्हा तारा जोडणाऱ्या नेटवर्कवाल्यांना इतका मान! काकू म्हटलेलं चालेल का, असं विचारलं. त्यांनी माझं तोंड निरखून बघितलं आणि चालेल म्हणाल्या.

ठरलं होतं फक्त खोलीचं, पण गरम जेवण वर आणून दिलं. मी जेवताना दाराला टेकून उभ्या होत्या. असं कुणी समोर उभं राहून आपल्याला जेवताना बघितलं की बरं वाटतं. विसरलोच होतो मी ते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. औषधांचं शीतगोदाम आहे हे: लशी, इन्सुलिन, रक्ताच्या पिशव्या, सगळं गारव्यात सांभाळायचं. ओळीनं चार थंड खोल्या, शेवटची सगळ्यात गार. तिला इथे नुसतं 'डीप' म्हणतात. आत जाताना आपण फुंकर मारली तरी धुकं होतं. दारं सगळी कार्डावर उघडतात. आत जायला बाहेरच्या यंत्राला कार्ड लावायचं, बाहेर यायला आतल्या. शिवाय आतून अडीनडीला ओढायचा एक दांडा असतो. 'डीप'चा दांडा तेवढा नवा कोरा, चकचकीत आहे, बाकीचे गंजलेले. मी गमतीनं म्हटलं, हिचेच बरे लाड! कुणी हसलं नाही.

साहेब गोदामाचे व्यवस्थापक, भरदार माणूस, हसले की टेबलावरचा पेला हलतो. पाठीवर थाप मारून म्हणाले की इथे आपण सगळे एका घरातले. कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या मॅडम अगदी टापटीप. पेनसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतात. आणि फाटकावरचा पहारेकरी, मिशाळ, शीळ घालणारा. तीन दिशांची तीन माणसं, पण एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत. नव्या माणसाला असली उगाच शंका येते म्हणा.

नेटवर्कची दशा काय वर्णावी! जुना सर्व्हर धापा टाकतोय. प्रत्येक यंत्रावर वेगळे पासवर्ड, ते कीबोर्डाखाली चिकटपट्टीनं चिकटवलेले, आणि एका महाभागानं तर भिंतीवरच लिहून ठेवलेला. मला इथे नवा डिरेक्टरी सर्व्हर उभा करायचाय. पहारेकऱ्यानं विचारलं ते काय असतं. मी सांगितलं, मामा, तुम्ही फाटकावर जे करता तेच. कोण माणूस आपला, कोण परका, कुणाला कुठवर सोडायचं, हे एकाच जागी ठरतं. कॉम्प्युटर, मेल, दारं, सगळी त्यालाच विचारतात: ह्याला सोडू का? तो हो म्हणाला तर दार उघडतं. मामांची शीळ मध्येच थांबली. म्हणाले, आणि नाही म्हणाला तर?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस नुसता झपाटून काम करतोय. दोन सर्व्हर उभे केले, एक मुख्य आणि एक त्याचा जोडीदार. एक आडवा झाला तर दुसरा सांभाळेल, आणि एकात केलेला बदल आपोआप दुसऱ्यात उतरेल. आता सगळं बोलणं सांकेतिक भाषेत, वाटेत कुणी तार चोरून ऐकली तरी गडबडगुंडा ऐकू यावा. निनावी चौकशा बंद. सोपे पासवर्ड बंद. प्रत्येकाला कामापुरतंच दार उघडं, जास्त एकही नाही. कोण कधी कुठून आत शिरलं याची नोंद होते, ती कुणाला पुसता येत नाही, मलासुद्धा नाही. सगळ्यावर चालेल असं कारभाऱ्याचं एकच खातं ठेवलंय आणि त्याचा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात आहे.

काकूंनी आज एक स्वेटर दिला. राखाडी, हातानं विणलेला. गोदामात गारठा असतो म्हणाल्या. घातला तर जणू माझ्याच मापाचा. त्यांनी खांद्यावरची शिवण नीट केली आणि हात तिथेच राहू दिला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जुन्या सर्व्हरवरची खाती नव्यावर आणताना एक खातं निराळं सापडलं. माझ्या आधीच्या नेटवर्कवाल्याचं. बंद केलेलं. बंद करायचं कारण लिहायची एक जागा असते, तिथे 'राजीनामा' असं लिहिलंय. मॅडमना विचारलं तर पेन सरळ करत म्हणाल्या की तो स्वतःहून सोडून गेला, ते खातं उडवून टाका. बरोबरच आहे. गेलेल्या माणसाचं खातं म्हणजे परसदारी टाकलेली किल्ली; चोर पहिली तीच शोधतो. उद्या उडवीन.

घरी जेवताना सहज बोललो. काकूंच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तो माझा मुलगा होता."

मग सगळं सांगितलं, रडल्या नाहीत. 'डीप'चा आतला दांडा तुटला होता. मुलानं पुन्हा पुन्हा सांगितलं, कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून त्यानं बाहेरच्या तपासनिसांकडे तक्रार केली. साहेबांना ते कळलं तेव्हा तो 'डीप'मध्ये एक यंत्र तपासायला गेलेला. साहेबांनी मॅडमना त्याचं खातं तिथल्या तिथे बंद करायला लावलं. कार्ड मेलं. दांडा तर आधीच तुटलेला. तो आतून ठोकत राहिला. ते पहारेकऱ्यानं ऐकलं, साहेबांना विचारलं, उघडू का? साहेब म्हणाले, राहू दे जरा वेळ, अक्कल येईल. आणि मग सुट्टी लागली, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं उघडलं असेल, सगळे घरी गेले.

हे काकूंना पहारेकऱ्यानंच सांगितलं. मूठमाती दिल्यावर दारू पिऊन दारात आला आणि पाय धरून रडला. पोलिसांपुढे मात्र तिघांनी एकच सांगितलं: तो आत आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"त्याची नखं राहिली नव्हती रे," काकू म्हणाल्या. "मी आंघोळ घातली ना त्याला. मी बघितलंय."

जेवण तसंच राहिलं. मी तिथे त्यांच्या मुलाच्या स्वेटरमध्ये बसलो होतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ताईला सांगितलं. ती म्हणाली की वाईट झालं, फार वाईट, पण ते पोलिसांचं काम, तू त्यात पडू नकोस आणि खोली बदल. मी हो म्हटलं. बदलणार नाही. ह्या घरात मला कुणी जेवताना बघतं.

ऑफिसात साहेबांनी पुन्हा पाठीवर थाप मारली. त्या हाताकडे बघून मी खुर्ची मागे सरकवली. संध्याकाळी काकूंनी एकच मागितलं. त्याचं नाव पुसू नकोस. आणि जमलं तर एकदा, एकदाच, त्याच्यासाठी दार उघड. त्यांनी कुणी उघडलं नाही, तू उघड.

त्यांना वाटतं दार म्हणजे दार. मला माहीत आहे ते कसं उघडायचं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं. भरदिवसा केलं, दुपारच्या चहाच्या वेळी. 'राजीनामा' हा शब्द खोडला आणि खातं चालू केलं. एवढ्यावर भागलं नाही. माझ्या हाताला चेव चढला होता. सगळी दारं उघडणाऱ्या गटात त्याला घातलं, मग कारभाऱ्यांच्या गटात. मी बांधलेल्या किल्ल्यात हे एकच खिंडार, आणि ते एका मेलेल्या माणसासाठी. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? एका आईचं मन राखलं, बस. पण खरं लिहायचं तर मन राखायला मी ते केलं नाही. मला त्या तिघांच्या छातीवर काहीतरी ठेवायचं होतं.

खातं चालू झालं तसं माझ्या हातातल्या कपातला चहा गार झाला. आत्ता ओतलेला चहा. वर साय नव्हे, बर्फाचा पापुद्रा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बाहेरचे लोक सुरक्षा तपासून गेले. शाबासकी दिली, इतकं घट्ट बांधलेलं नेटवर्क बघितलं नाही म्हणाले. साहेबांनी पेढे वाटावेत तसं माझं कौतुक सगळ्यांत वाटलं.

ते गेल्यावर नोंदी बघत बसलो. त्याच्या खात्यानं सकाळी प्रवेश केलाय. 'डीप'च्या यंत्रातून. आतल्या बाजूच्या यंत्रातून.

म्हणजे कुणी आत न जाताच बाहेर आलंय.

बिघाड असेल. यंत्र जुनं आहे. काकूंना सांगितलं तर त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी हात फिरवावा तशा सुरकुत्या गेल्या. आज त्या माझ्याबरोबर जेवल्या. पहिल्यांदाच पोटभर जेवताना बघितलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पहारेकरी दिसेना. फाटक उघडं, खुर्चीवर टोपी. मी नोंदी बघितल्या: मामा दोन नंबरच्या थंड खोलीत शिरले होते, बाहेर पडल्याची नोंद नाही. धावत गेलो. माझ्या कार्डानं दार उघडलं.

कोपऱ्यात उकिडवे बसलेले. जिवंत होते. बोटं काळीनिळी, मिशीवर बर्फ. दोन नंबरच्या खोलीत दूध ठेवलं तर नुसतं टिकतं, गोठत नाही, आणि मामांच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बाहेर उन्हात आणून बसवलं तेव्हा पुटपुटले. म्हणाले कार्ड चालेना, दांडा हलेना, ठोकून ठोकून हात गेले. म्हणाले तो बाहेर उभा होता. दाराच्या काचेला कान लावून. नुसता ऐकत होता, तेव्हा मी ऐकलं होतं तसा.

त्यांना दवाखान्यात नेलं. बोटं जातील म्हणतात.

मला वाईट वाटायला हवं होतं. घरी येताना मीच शीळ घालत होतो. मामांची धून.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम दुपारी माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचं खातं सारखं बंद पडतंय, चालू करून द्या. दिलं. पुन्हा बंद. कारणाच्या जागी दर वेळी एकच शब्द उमटत होता. राजीनामा. मॅडमनी तो वाचला आणि टेबलाची कड घट्ट धरली. मी शांतपणे विचारलं, हे तुम्ही आधी कुठे लिहिलं होतं का? त्या वळल्या आणि निघून गेल्या.

त्या क्षणी माझ्या मनात आलं: हिला कळू दे.

एवढंच आलं. मनात येणं म्हणजे करणं नव्हे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

जे बघितलं ते क्रमानं लिहितो.

मुख्य दाराशी एक काचेची खोली आहे, पुढे एक दार, मागे एक दार, मध्ये माणूस उभा राहील एवढीच जागा. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. सकाळी सगळे कामावर येण्याच्या वेळी मॅडम त्यात शिरल्या. मागचं दार लागलं. पुढचं उघडलं नाही.

आम्ही सगळे बघत होतो. आधी हसल्या, कार्ड दाखवलं, पुन्हा लावलं. मग काचेवर थापा. मग काच आतून पांढरी व्हायला लागली, खालून वर, पिठी भुरभुरावी तशी. बाहेर आम्हाला घाम आला होता. कुणी खुर्ची मारली, कुणी लोखंडी गज. काच तडकली नाही. शेवटी त्या पांढऱ्यात एक तळहात राहिला, मग पाच बोटांचे ठसे, मग तेही भरून गेले.

दार आपोआप उघडलं. त्या उभ्याच होत्या.

मी वर धावलो, नोंदी उघडल्या. मॅडमचं खातं बंद कुणी केलं? तिथे त्याचं नाव नव्हतं. माझं होतं. मी. माझ्या यंत्रावरून, माझ्या पासवर्डानं, मी खाली गर्दीत उभा असताना.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

त्याचं खातं बंद करायला गेलो. उत्तर आलं: तुम्हाला परवानगी नाही. मला! कारभारी मी आहे! जोडीदार सर्व्हरवरून केलं, तेच. दोन्हींच्या तारा उपटल्या, वीज काढली. पडद्यावरचा उजेड गेला नाही.

पोलीस आले, यंत्रातला बिघाड म्हणून गेले. कामावर कुणी येत नाही.

काकूंसमोर हात जोडले. म्हटलं, आता पुरे, त्याला थांबायला सांगा. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला. म्हणाल्या, "अजून एक आहे ना रे बाळा. मग थांबेल तो."

त्या गुणगुणत भांडी घासत होत्या. मला भीती वाटली आणि त्याच वेळी, देवाशपथ, मी मान डोलावली.

ताईचा फोन. माझा आवाज ऐकताच ओळखलं तिनं. म्हणाली, तुझं काहीतरी बिनसलंय, मी रविवारी येतेय, तोवर कुठे जाऊ नकोस.

२७ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी बोलावलं. एकटेच होते. दाढी वाढलेली. म्हणाले, तुम्ही हे बंद करा, तुम्हीच करू शकता. मी म्हटलं, मला परवानगी नाही. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, मी न विचारता. शिवी दिल्यासारखं सांगितलं. की त्याला फक्त धडा शिकवायचा होता. की मरेल असं कुणाला वाटलं होतं. की त्याचीही चूक होती, बाहेर तक्रार करायची काय गरज!

मी केबिनबाहेर आलो. दार माझ्यामागे लागलं. लागल्याचा आवाज वेगळा होता.

मग ठोकणं. साहेब आधी माझ्या हुद्द्यानं हाका मारत होते, मग नावानं, मग बाबा रे, मग नुसता आवाज. दाराच्या फटीतून गारवा माझ्या पायांवर येत होता. भिंतीवर, माझ्या हाताशी, आगीच्या वेळी फिरवायची लाल कळ. ती विजेवर नाही, सर्व्हरवर नाही, कुणाच्या परवानगीवर नाही. साधी लोखंडी कळ. फिरवली की दार उघडतं.

मी ती फिरवली नाही.

खिडकीतून छान ऊन आलं होतं. मी उन्हात उभा राहून ऐकलं. राहू दे जरा वेळ, असं म्हटलं मी, मोठ्यानं म्हटलं. आणि मला इतकं गोड वाटलं, जन्मात वाटलं नव्हतं इतकं. शेवटपर्यंत ऐकलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पोलिसांनी विचारलं, तुम्ही कुठे होता? मी म्हटलं, खाली. काही ऐकू आलं नाही? नाही. साहेब आत आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

बोलून झाल्यावर कळलं मी काय बोललो.

काकूंनी कपाटातली सगळी भांडी काढून पुसली. म्हणाल्या, झालं. आता येईल तो घरी, निजेल.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सामान घ्यायला गोदामात गेलो होतो. फाटकाला कार्ड लावलं — लाल दिवा. बाहेरूनच लॅपटॉप जोडून बघितलं. पासवर्ड न विचारताच खात्यांची यादी उघडली. माझं खातं नाही. बंद नाही, नाहीच. मी कधी होतो याची खूणसुद्धा नाही. फक्त एकच खातं चालू आहे.

तो थांबलेला नाही.

घरी आलो तर वरून पावलं. माझ्या खोलीत. काकू खाली होत्या. मी वर बघितलं, त्यांनीही बघितलं. त्या हसल्या —

३० नोव्हेंबर, शनिवार

फोन उघडत नाही. पासवर्ड चूक म्हणतो. माझाच आहे तो पासवर्ड — माझाच —

काकू सकाळी वर आल्या. आज खरंच रडल्या. म्हणाल्या, रात्री तो दाराआडून बोलला. त्यांनी विचारलं, राजा, अजून का भटकतोस, तिघांचं झालं ना. तो म्हणाला अजून एक राहिला. ज्यानं ठोकणं ऐकलं, हाताशी कळ होती आणि उघडलं नाही.

मी म्हटलं, काकू, मी ते तुमच्यासाठी — त्याच्यासाठीच —

त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मला तू आवडतोस रे. फार आवडतोस. पण तो माझा आहे."

बाहेर गेल्या. बाहेरून कडी घातली. मग कुलूप.

१ डिसेंबर, रविवार

खिडकी आतून गोठली. खुर्ची मारली — खुर्ची मोडली. रजई, कपडे, सगळं अंगावर. स्वेटर काढून फेकला, तो आपोआप ओला झालाय — ओला आणि गार —

शाई गोठली. पेन्सिलीनं लिहितोय.

कपाटाशी उभा आहे तो. काही करत नाही. मान तिरकी. ऐकतोय नुसता. माझा श्वास ऐकतोय —

बेल. खाली बेल वाजली —

ताई! ताईचा आवाज! आली ती, म्हटल्याप्रमाणे —

काकू सांगतायत की तुमचा भाऊ काल गेला, बॅग घेऊन, पत्ता ठेवला नाही. ताई म्हणते असा न सांगता जाणारा नाही माझा भाऊ — हाक मारतोय पण घशातून वाफच — ठोकतोय — हात लाकडासारखे — ठोकतोय —

ऐकलं! ताईनं ऐकलं. विचारतेय, वर कोण ठोकतंय?

काकू म्हणाल्या, माझा मुलगा. घरी आलाय. बरं नाही त्याला.

कागद फाडून दाराखालून सरकवतोय — फट बर्फानं भरली —

ताईची पावलं दाराकडे वळतायत. मग म्हणतेय, बरं. येते मी. पोलिसांत चौकशी करते —

तो हलला. कपाटापासून हलला. माझ्याकडे नाही बघत — जिन्याकडे — खाली —

ताई जाऊ नकोस, तू ऐकलंयस, दार उघड नाहीतर — ताई, ऐकून जो निघून जातो त्याला तो